२३ वर्षं उशिरा कळलेली लढाई: स्क्वॉड्रन लीडर देवय्यांची केस

युद्धातली विमानं, स्क्वॉड्रन आणि वैमानिक यांच्यावर माहिती जमवणाऱ्या प्रत्येकाने एक केस नीट अभ्यासावी असं मला फार वाटतं, ती म्हणजे स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांची. भारत-पाकिस्तान युद्धात, ७ सप्टेंबर १९६५ ला, ते पाकिस्तानातल्या सरगोध्यावरच्या हल्ल्यातून परत आले नाहीत. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झालं. मधली २३ वर्षं आपल्याकडे त्यांच्याबद्दल जी नोंद होती ती एवढीच, की गेले आणि आले नाहीत. शौर्याच्या अंगाने ही गोष्ट बऱ्याच जणांनी सांगितलीये आणि ती सांगायलाच हवी, पण इथे मला दुसऱ्या अंगाने जायचंय. ही माहिती नक्की कुठे अडकून पडली होती, कोणाकडे कुठला तुकडा होता, ते तुकडे एकत्र कसे आले आणि आजही काय जुळत नाही, हे बघायचंय.

आधी परिस्थिती. ६ सप्टेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर हल्ला करून जमिनीवर उभी असलेली आपली बरीच विमानं जाळली, त्यात मिस्टेअर ही लढाऊ विमानं होती आणि अगदी नवी आलेली मिग-२१ पण होती. दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तर द्यायचं ठरलं आणि लक्ष्य होतं सरगोधा, म्हणजे पाकिस्तानी हवाई दलाचा सगळ्यात मजबूत तळ. आदमपूरहून नंबर १ स्क्वॉड्रनची मिस्टेअर निघणार होती. ही स्क्वॉड्रन म्हणजे टायगर्स, भारतीय हवाई दलाची पहिलीवहिली, १ एप्रिल १९३३ ला कराचीत ड्रिग रोडला उभी राहिलेली. कमांडिंग ऑफिसर होते विंग कमांडर ओम प्रकाश तनेजा आणि फॉर्मेशन त्यांच्याच नेतृत्वाखाली जाणार होती. १२ विमानं जायची ठरली आणि वर स्टँडबाय ठेवलेली. देवय्या स्टँडबायमध्ये होते. मूळच्या १२ मधलं एक विमान गळलं आणि त्या जागी देवय्या गेले.

हा स्टँडबायचा मुद्दा वाचताना सहज सुटून जातो, पण संशोधन करणाऱ्याने इथे थांबायलाच पाहिजे, कारण स्टँडबायवाल्याचं नाव सगळ्या कागदांवर एकाच ठिकाणी असेल याची खात्री नसते. प्लॅनमध्ये एक नाव, प्रत्यक्ष उडालेल्यांत दुसरं, आणि चाळीस वर्षांनी कोणी सांगायला बसलं की त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा प्लॅनवालंच चित्र बसलेलं असतं, कारण ब्रीफिंगला सगळे खुर्च्या टाकून एकत्र बसलेले असतात आणि तो प्रसंग पक्का लक्षात राहतो, उलट टेकऑफच्या गडबडीत अंधारात कोण कोणाच्या जागी घुसलं हे ज्याच्या शेजारी घडलं त्यालाच कळतं.

मिस्टेअरची मर्यादा पण समजून घ्यावी लागते. हे फ्रेंच विमान, डॅसो कंपनीचं, सरळ उड्डाणात आवाजाच्या वेगाच्या आतलं, दोन ३० मिलिमीटरच्या तोफा. आदमपूर ते सरगोधा हे अंतर त्याच्या पल्ल्याच्या कडेला होतं, त्यात रडार चुकवायला जमिनीलगत उडायचं म्हणजे इंधन आणखीच जास्त जातं. लक्ष्यावर पोचून, हल्ला करून सरळ घरी यायचं, मध्ये कुस्ती खेळायला वावच नाही. समोरच्याकडे एफ-१०४ स्टारफायटर, आवाजाच्या दुप्पट वेगाचं, साइडवाइंडर क्षेपणास्त्रं आणि सहा नळ्यांची २० मिलिमीटरची तोफ. पाकिस्तानकडे ही विमानं डझनभरच होती पण त्यांचा दबदबा प्रचंड होता.

हल्ला झाला. बाकीचे परत आले. देवय्या आले नाहीत.

आता आपल्या बाजूच्या माहितीचा हिशोब मांडू. परत आलेल्यांना काय माहीत होतं? लक्ष्य सापडायला किती त्रास झाला, कोणी काय टाकलं, जमिनीवरून गोळीबार किती होता, परतताना इंधनाचा काटा कुठे होता, हे सगळं. मागे शेवटी काय घडलं ते पूर्ण पाहिलेला माणूस आपल्या बाजूला नव्हता. असणार तरी कसा, पहाटेचा अर्धवट उजेड, जमिनीला चिकटून परतीची पळापळ, प्रत्येकाचं लक्ष समोर. म्हणून नोंद झाली ती बेपत्ता, पुढे मृत गृहीत धरलं. कोणी निष्काळजीपणा केला असं मी अजिबात म्हणणार नाही, त्या सकाळी उपलब्ध असलेल्या माहितीवर हीच नोंद बरोबर होती.

आणि इथेच माझ्या मते या केसचा गाभा आहे. स्क्वॉड्रनच्या वह्या परत आलेली माणसं लिहितात. कॉम्बॅट रिपोर्ट द्यायला वैमानिक जिवंत तळावर उतरावा लागतो, गन कॅमेऱ्याची फिल्म धुवायला विमान परत यावं लागतं. जो आला नाही त्याने शेवटच्या पाच मिनिटांत काय केलं हे त्याच्या स्वतःच्या स्क्वॉड्रनच्या कागदांत कधीच सापडणार नाही, कितीही कपाटं उघडा. ते असलंच तर शत्रूच्या आठवणीत आणि शत्रूच्या कागदांत असतं.

दुसऱ्या बाजूला काय होतं ते बघा. फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन, पाकिस्तानी हवाई दलाच्या नंबर ९ स्क्वॉड्रनचे, त्या सकाळी स्टारफायटरमध्ये होते. जमिनीवरच्या कंट्रोलरने त्यांना परतणाऱ्या मिस्टेअरवर घातलं. त्यांनी क्षेपणास्त्र सोडलं, ते लागलं नाही, जमिनीजवळच्या लक्ष्यावर त्या काळातलं साइडवाइंडर भरवशाचं नव्हतंच. मग तोफ चालवली आणि मिस्टेअरला गोळे लागले. हे झालं म्हणजे काम संपलं असं समजून ते पुढे दुसऱ्या विमानाकडे वळले, पण पहिलं मिस्टेअर पडलेलं नव्हतं. ते उडत होतं, आणि पळून न जाता लढायला वळलं. झटापट झाली, स्टारफायटर निकामी झालं, अमजद हुसेन पॅराशूटने बाहेर पडले आणि वाचले. मिस्टेअर पण पडलं.

म्हणजे पाकिस्तानी बाजूला त्या सकाळी हे माहीत होतं की एक स्टारफायटर गेलंय आणि कोणाशी झुंजताना गेलंय. फक्त समोरचा कोण, त्याचं नाव काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याला नाव माहीत होतं, झुंज माहीत नव्हती. दोन अर्धे भाग, सीमेच्या दोन बाजूंना, आणि दोघांनाही आपल्याकडचा अर्धा भागच पूर्ण वाटत होता.

यात मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे १९७१. हेच अमजद हुसेन डिसेंबर १९७१ मध्ये अमृतसरच्या परिसरात विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात पडले आणि भारताच्या कैदेत आले. सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळचा एकमेव जिवंत साक्षीदार आपल्याच ताब्यात होता, आणि आपल्या बाजूला त्याचं नाव आणि देवय्यांचं नाव जोडणारा धागाच तेव्हा कोणाच्या हातात नव्हता.

धागा आला तो तिसऱ्याकडून. जॉन फ्रिकर हे ब्रिटिश विमान-लेखक, त्यांनी पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने १९६५ च्या हवाई युद्धावर पुस्तक लिहिलं, ते १९७९ मध्ये आलं. पुस्तक पाकिस्तानी बाजूकडून लिहिलेलं आहे, आकडे आणि दावे बहुतांशी त्यांचेच, आणि आपल्याकडे अनेकांनी त्यावर टीका केली ती काही ठिकाणी योग्यही आहे. पण त्याच पुस्तकात स्टारफायटर विरुद्ध मिस्टेअर या झुंजीचं वर्णन आलं. स्वतःच्या बाजूचं नुकसान सांगणारं वर्णन, आणि समोरच्या वैमानिकाला श्रेय देणारं. मी नेहमी म्हणतो की एखादा स्रोत एका बाजूला झुकलेला असेल तर तो फेकून देऊ नका, उलट तो ज्या ठिकाणी स्वतःच्या बाजूच्या विरुद्ध बोलतो ती जागा शोधा, कारण तिथे खोटं बोलण्याचं कारणच उरत नाही.

आता नाव कसं लागलं ते बघू, कारण पुस्तकात भारतीय वैमानिकाचं नाव नव्हतं. काम वगळत जाण्याचं होतं. तारीख ७ सप्टेंबर, जागा सरगोध्याहून परतीची वाट, विमान मिस्टेअर. आदमपूरहून त्या दिवशी सरगोध्यावर एकच फेरी झाली नव्हती, आणि दिवसा नंतरच्या फेरीतसुद्धा एक मिस्टेअर परत आलं नाही. त्यामुळे फक्त तारीख आणि विमानाचा प्रकार पुरेसा नाही, वेळ पण लागते. स्टारफायटर पडलं ते पहाटेच्या हल्ल्याच्या वेळी. पहाटेच्या फेरीतून न परतलेलं मिस्टेअर एकच, देवय्यांचं. हे जुळवायला लागलं काय, तर त्यांच्या बाजूची वेळ आणि आपल्या बाजूची वेळ, बस. म्हणून आठवण सांगणाऱ्याने "त्या दिवशी" म्हटलं की मी लगेच विचारतो, सकाळची का दुपारची, नाश्त्याआधी का नंतर, सूर्य कुठल्या बाजूला होता, परतलात तेव्हा सावल्या लांब होत्या का. घड्याळातली वेळ लोक विसरतात, ऊन विसरत नाहीत.

तनेजा तोपर्यंत निवृत्त झाले होते. त्या फॉर्मेशनचे लीडर तेच, त्यामुळे कोण उडालं, कोण गळलं, कोण आलं नाही हे अधिकाराने सांगू शकणारा माणूस तोच. त्यांच्या पाठपुराव्याचा १९८८ च्या सन्मानात मोठा वाटा आहे. इथे एक गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. फ्रिकरचं पुस्तक नसतं तर तनेजांची आठवण अपुरी राहिली असती, आणि तनेजा नसते तर पुस्तकातलं ते वर्णन आपल्यासाठी निनावी राहिलं असतं. दोन्हीपैकी एकाने केस सुटली असं म्हणणं चुकीचं होईल.

पुढचा प्रश्न प्रत्येक चिकित्सक वाचक विचारतो आणि विचारायलाच हवा, की हे तांत्रिकदृष्ट्या शक्य तरी आहे का, मिस्टेअरने स्टारफायटर पाडणं. शक्य आहे, आणि कारण आकड्यांत आहे. स्टारफायटरच्या पंखांचा विस्तार टोकापासून टोकापर्यंत जेमतेम साडेसहा मीटर, पातळ आणि छोटे पंख, सरळ रेषेत प्रचंड वेगाने जाऊन मारून निघून जाण्यासाठी बनवलेलं ते विमान. मिस्टेअरच्या पंखांचा विस्तार ११ मीटरच्या वर. जमिनीलगत, कमी वेगात, वळणांच्या झुंजीत स्टारफायटरला आवळून वळताच येत नाही, त्याचा सगळा फायदा तिथे संपतो. म्हणजे एफ-१०४ च्या वैमानिकाने ज्या खेळात पडू नये असं शिकवलं जायचं, त्या खेळात तो ओढला गेला. आणि ३० मिलिमीटरचे थोडेसेच गोळे नीट लागले तरी तसलं विमान सावरत नाही. आठवणीला भौतिकशास्त्राची साथ मिळते का हे तपासणं फार सोपं आहे आणि तरी फार कमी लोक करतात.

दुसरी बाजू पण तितकीच महत्त्वाची. देवय्यांच्या विमानाला आधीच गोळे लागले होते, इंधन मोजकं होतं, आणि अशात लढायला वळणं म्हणजे घरी परतायचं इंधन तिथेच जाळणं. हे त्या वैमानिकाला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळत होतं, कारण ते उड्डाण शिकवणारे इन्स्ट्रक्टर राहिलेले होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं यावर मी एक वाक्यही लिहिणार नाही, कारण ते कोणालाच ठाऊक नाही, आणि अशा जागी लोक जे संवाद घुसडतात त्यानेच चांगल्या संशोधनाची वाट लागते. विमानाचं इंधन, वेग आणि वळण यांच्यावरून जे निघतं तेवढंच मांडायचं, तेवढंही भरपूर बोलकं आहे.

काय जुळत नाही ते आता. स्टारफायटर नेमकं कशामुळे पडलं यावर मांडण्या वेगवेगळ्या आहेत. एक म्हणते मिस्टेअरच्या तोफेचे गोळे लागले, एक म्हणते दोन्ही विमानं धडकली, एक म्हणते फुटलेल्या मिस्टेअरचे तुकडे लागले. तिसरी मांडणी खरी धरली तर देवय्यांची कृती वेगळी ठरते, पहिली धरली तर वेगळी. भारतीय बाजूने पहिलीच उचलावी आणि पाकिस्तानी बाजूने तिसरी, हा मोह दोन्हीकडे आहे. माझं मत पहिलीकडे झुकतं, कारण स्वतःच्या विमानाचं नुकसान झुंजीत झालं हे वर्णन मुळात त्यांच्याच बाजूच्या माहितीतून आलंय, पण तिन्ही मांडण्या लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कोणी, कधी सांगितली हे लिहावं असंच माझं म्हणणं राहील. देवय्यांचा देह गावकऱ्यांना शेतात मिळाला आणि त्यांनी तिथेच दफन केला असंही नंतर पाकिस्तानी बाजूकडून आलेल्या माहितीत येतं. अशी माहिती कुटुंबासाठी काय असते हे सांगायला नको, त्यामुळे ती पुढे पाठवताना दहा वेळा विचार करावा.

कधी सांगितली, हा मुद्दा जरा ताणून सांगतो, कारण आठवणी गोळा करण्यात हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. १९८८ नंतर देवय्यांची कथा सगळ्यांना माहीत झाली. त्यानंतर त्या स्क्वॉड्रनमधल्या कोणीही आठवण सांगितली तर तिच्यात स्टारफायटर येणारच, माणूस खोटं बोलत नसतो, पण वाचलेलं आणि पाहिलेलं डोक्यात एकत्र मुरतं. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये घरी लिहिलेलं एक पत्र, ज्यात फक्त "देवय्या आले नाहीत, शेवटचे कुठे दिसले ते अमुकच्या म्हणण्याप्रमाणे असं" एवढंच असेल, ते मला २००५ च्या दोन तासांच्या मुलाखतीपेक्षा जास्त किमतीचं वाटतं. म्हणून मुलाखत घेताना पुस्तक, फोटो, सायटेशन (पदकासोबतचं गौरवपत्र) काहीही आधी दाखवायचं नाही. आधी नुसतं बोलू द्यायचं, मग लॉगबुक उघडायचं, मग शेवटी पुस्तक. आणि लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं, तेव्हा क्रू रूममध्ये ऐकलेलं, आणि नंतर कुठेतरी वाचलेलं. हे वेगळं करायला लावलं की ज्येष्ठ मंडळी रागवत नाहीत, उलट खूष होतात, कारण कोणीतरी गंभीरपणे विचारतंय हे त्यांना जाणवतं.

याच तारखेची, याच तळावरची दुसरी केस शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो. ७ सप्टेंबरलाच सकाळी हलवाऱ्याहून नंबर ७ स्क्वॉड्रनची पाच हंटर लढाऊ विमानं सरगोध्याकडे गेली, लीडर विंग कमांडर झकारिया. स्क्वॉड्रन लीडर एम. एम. आलम यांनी सेबरमधून मिनिटभराच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा पाकिस्तानात प्रचंड गाजला. आपल्या नोंदी बघितल्या तर त्या पाचांपैकी स्क्वॉड्रन लीडर सुरेश भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर जगदेव सिंग ब्रार हे दोघं परतले नाहीत, बाकी तिघं परत येऊन पुढे उडाले. त्याच सकाळी २७ स्क्वॉड्रनचे स्क्वॉड्रन लीडर काकर पण हंटरमधूनच तिकडे पडून कैदेत गेले, त्यामुळे हिशोबात ते कुठे धरायचे यावरून आणखी गोंधळ होतो. म्हणजे तिथे दावा जास्त, नुकसान कमी, जगभर हेच होतं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं, नंतर जर्मन कागद तपासले तर साठच्या आसपास निघाली. वैमानिक खोटारडे असतात असं नाही, एकाच पडणाऱ्या विमानावर तिघं गोळ्या झाडतात आणि तिघंही ते आपलं म्हणून लिहितात, शिवाय धूर सोडत खाली गेलेलं प्रत्येक विमान पडतंच असं नाही. म्हणून ठरलेली रीत अशी, की किती पाडली ते पाडणाऱ्याच्या वहीवरून कधी मोजायचं नाही, ज्याची पडली त्याच्या वहीवरून मोजायचं.

देवय्यांच्या केसमध्ये मात्र उलटं झालंय आणि म्हणून ती एवढी दुर्मिळ आहे. नुकसान आहे, दावाच नाही. पाकिस्तानच्या वहीत एक स्टारफायटर कमी झालंय आणि भारताच्या वहीत ते पाडल्याचा दावा कोणीच केलेला नाही, कारण दावा करणारा परतलाच नाही. मला वाटतं की ही जोडी शोधणं, म्हणजे समोरच्याचं असं नुकसान ज्यावर आपल्याकडे कोणाचा दावाच नाही, आणि त्याच तासाला आपला न परतलेला एखादा माणूस, ही एक पद्धत म्हणून वापरायला हवी. १९६५ आणि १९७१ दोन्ही युद्धांच्या नुकसानीच्या याद्या दोन्ही बाजूंच्या शेजारी शेजारी ठेवून, तासातासाने. बहुतेक ठिकाणी काही निघणार नाही. एखाद्या ठिकाणी निघालं तरी एका घराला साठ वर्षांनी उत्तर मिळेल.

यासाठी लागणारी कागदं कुठली, ते थोडक्यात. वैमानिकाचं फ्लाइंग लॉगबुक हे बहुतेक वेळा घरातच असतं, कपाटात, मेडलच्या डबीशेजारी. त्यात तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा नंबर, कामगिरी आणि वेळ असते. विमानाचा नंबर फोटोत शेपटीजवळ दिसतो, तो लॉगबुकशी जुळवला की फोटोची तारीख बांधता येते. स्क्वॉड्रनची ऑपरेशन्सची नोंदवही ही सरकारी, ती घरी नसते. फॉर्म ७०० म्हणजे विमानाच्या देखभालीचं पुस्तक, वैमानिक उडण्याआधी त्यावर सही करतो आणि ते पुस्तक जमिनीवरच राहतं. म्हणजे जे विमान परत आलं नाही त्याची शेवटची सही तळावर राहिलेली असते, आणि ती सही घेणारा असतो एअरमन.

या एअरमन मंडळींकडे आपण फार कमी जातो याची मला खरंच खंत वाटते. इंजिन फिटर, एअरफ्रेम फिटर, आर्मरर, ज्यांनी त्या पहाटे अंधारात विमानं तयार केली, पट्ट्या आवळून दिल्या, शिडी काढली. स्टँडबायचं विमान कधी सुरू झालं, कोणाचं इंजिन पेटलं नाही, गळलेलं विमान कुठल्या अडचणीने गळलं, हे वैमानिकांपेक्षा त्यांना जास्त नीट आठवतं, कारण त्या विमानाची अडचण म्हणजे त्यांचीच अडचण. माझ्या अनुभवात अशा माणसाला "युद्धाबद्दल सांगा" म्हटलं की तो गप्प बसतो, म्हणतो आम्ही काय केलं, लढले ते साहेब लोक. पण "स्टार्ट करताना काय काय तपासायचात" म्हटलं की हात हलायला लागतात, हवेतच पॅनेल उघडतात, आणि मग एकातून एक निघत जातं. कधी एखाद्या विमानाचा शेपटीवरचा नंबर पण बाहेर येतो.

दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नसल्या तर काय होतं याचं १९६५ मधलंच उदाहरण म्हणजे पसरूरचं नॅट, आपलं एक छोटं लढाऊ विमान. ३ सप्टेंबरला स्क्वॉड्रन लीडर सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं, ते विमान आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. त्यांची बाजू म्हणते स्टारफायटरने दबाव आणून उतरवलं, आपली बाजू म्हणते दिशा चुकली, इंधन संपत आलं आणि आपलीच पट्टी समजून उतरले. इथे वैमानिक जिवंत, विमान शाबूत, साक्षीदार दोन्हीकडे, आणि तरीही एकमत नाही. देवय्यांच्या केसमध्ये यातलं जवळजवळ काहीच नव्हतं आणि तरी बराचसा उलगडा झाला, कारण दोन्ही बाजूंनी सांगितलेल्या गोष्टी एकमेकींच्या रिकाम्या जागेत बसल्या.

कागद मिळवण्याबद्दल परिस्थिती हळूहळू बदलतेय. १९६५ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ मध्ये तयार केला होता पण तो अंतर्गत वापरापुरताच ठेवला, सामान्य वाचकांपर्यंत तो २००० मध्ये एका वर्तमानपत्राने इंटरनेटवर टाकला तेव्हा पोचला. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने युद्धांचे इतिहास आणि कागदपत्रं यांचं धोरण मंजूर केलं, त्यात साधारण २५ वर्षांत कागद खुले करावेत आणि युद्ध संपल्यावर पाच वर्षांत इतिहास लिहून व्हावा असं म्हटलंय. धोरण चांगलं आहे. पण त्या कागदांत जे कधीच लिहिलं गेलं नाही ते माणसांकडे आहे, आणि १९६५ ला विशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत.

तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत कोणी त्या काळी हवाई दलात असेल, कुठल्याही ट्रेडमध्ये, तर आधी लॉगबुक किंवा सर्व्हिस बुकच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, अगदी कोरी पानं सुद्धा, मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं असतं. फोटोंच्या मागच्या बाजूचे पण फोटो. गट फोटोत कोण कुठे उभं आहे ते त्यांना बोट ठेवून सांगायला लावा आणि आवाज रेकॉर्ड करा, नावं नंतर टाइप करता येतील. कोणतं नाव चुकतंय असं वाटलं तरी मध्ये थांबवू नका. आणि या मंडळींपैकी कोणी १९६५ च्या सप्टेंबरात आदमपूरला १ स्क्वॉड्रनच्या लाइनवर असेल, तर त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारा, की ७ तारखेच्या पहाटे कुठलं विमान गळलं, कशामुळे, आणि स्टँडबायच्या मिस्टेअरची शिडी कोणी काढली.